पेट्रोलची गाडी, ई-२० आणि पुढची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मिरजेच्या बाजूला चार माणसं जमली आणि गाडीचा विषय निघाला, की गाडी याच प्रश्नांवर येते. नव्या पेट्रोलनं इंजिन जाईल का? सीएनजी बरी की इलेक्ट्रिक? पेट्रोलच्या गाड्या बंदच होणार का? घरी थोडा ऊस आहे आणि दारात २०१४ सालची पेट्रोल गाडी, त्यामुळे हा विषय दोन्ही दारांनी माझ्या घरात आलेला आहे. गेली दोन-तीन वर्षं नातेवाईक, शेजारी आणि मित्र जे जे विचारत आले, ते इथे एका जागी लिहून ठेवतो आहे.

ई-२० म्हणजे नेमकं काय? पंपावर तर नुसतं ‘पेट्रोल’ लिहिलेलं असतं.

शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल आणि बाकीचं पेट्रोल, एवढंच. इथेनॉल म्हणजे शुद्ध, पाणी काढून टाकलेला अल्कोहोल. उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून किंवा तांदळापासून तो आंबवून आणि गाळून तयार होतो. तो तेल कंपनीच्या डेपोतच मिसळतात, पंपावर नाही. म्हणून ‘अमक्या पंपावर इथेनॉल जास्त घालतात’ या बोलण्यात सहसा तथ्य नसतं.

हे एकदम कुठून आलं?

एकदम आलेलं नाही. २००१ साली केंद्र सरकारनं इथेनॉल मिसळून पाहायचे पहिले प्रयोग केले, ते तीन ठिकाणी: मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आंवला. म्हणजे या गोष्टीची सुरुवातच आपल्या दारात झाली आणि आपल्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, पण पुढची दहा-अकरा वर्षं ते रखडलं. २०१४ पर्यंत देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होती. त्यानंतर मात्र वेग आला. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले गेले, ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभर २० टक्क्यांचं मिश्रण आलं. मूळ मुदत २०३० ची होती.

घाई का, तर आपण कच्चं तेल जवळजवळ ८८ टक्के बाहेरून आणतो. आखातात काही झालं की आपल्या पंपावर धडकी भरते. ते परावलंबन कमी करायचं, हा हेतू मला पूर्ण मान्य आहे. माझं म्हणणं पुढे, पाण्याच्या प्रश्नात येईल.

ॲव्हरेज कमी झालंय असं वाटतं. खरं की भास?

खरं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचातला एक भाग इथेनॉलचा झाला, तर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. हे साधं गणित आहे, ते कुणी नाकारू शकत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय: ज्या चारचाकी मुळात शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या आहेत, त्यांचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, तशाच दुचाकींचं ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी घडवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींचं १ ते २ टक्के. नव्या गाड्यांना कमी फटका बसतो, कारण इथेनॉलचा ऑक्टेन (ठोके न देता दाब सोसून जळण्याची क्षमता) जास्त असतो आणि इंजिन तसं जुळवलेलं असेल तर त्याचा फायदा उचलता येतो.

मी वहीत लिहून ठेवतो. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर टिपायचे, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. मिरज-पुणे रस्त्यावर माझ्या गाडीचं पूर्वी १७ च्या वर निघायचं, आता १६ च्या आसपास निघतं. म्हणजे अहवालात म्हटलंय तेवढंच. ‘माझं ॲव्हरेज १८ वरून १२ वर आलं’ असं कुणी म्हणालं, तर मी त्याला आधी टायरची हवा, एअर फिल्टर आणि क्लच बघायला सांगतो. एवढी घट एकट्या इथेनॉलनं होत नाही. आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका, वहीवर जा.

जुन्या गाडीचं इंजिन खराब होतं का?

इंजिनाचा धातूचा भाग लगेच सडतो, ही भीती वाजवीपेक्षा मोठी झाली आहे. त्रास कुठे होतो, ते नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट रबराची. इथेनॉलमुळे काही जुन्या प्रकारचं रबर फुगतं, मऊ होतं आणि पुढे चिरतं. पेट्रोलचा रबरी पाइप, गॅसकेट, ओ-रिंग, कार्ब्युरेटरमधला वॉशर हे भाग यात येतात. ते स्वस्त आहेत, पण गळती झाली तर मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्याचं नाही. पंधरा वर्षांच्या गाडीचे पाइप तसेही बदलायला आलेले असतात. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला बोनेट उघडून पाइप बोटानं दाबून बघायला सांगा. चिकट लागला, पेट्रोलचा वास आला किंवा वळणावर बारीक भेगा दिसल्या, तर त्याच दिवशी बदला.

दुसरी गोष्ट साठलेल्या घाणीची. इथेनॉल चांगला विद्रावक आहे. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला थर तो सोडवतो आणि ती घाण फिल्टरमध्ये येऊन अडकते. माझी गाडी दोन वर्षांपूर्वी चढाला अडखळायला लागली, तेव्हा एका वर्कशॉपमध्ये मला चारही इंजेक्टर बदलायचा सल्ला मिळाला. दुसऱ्या मेकॅनिकनं आधी फ्युएल फिल्टर काढला, पांढऱ्या फडक्यावर उलटा केला, तर तांबूस गाळ पडला. फिल्टर बदलला आणि गाडी सुरळीत झाली. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी फिल्टर, मग पंप, मग इंजेक्टर.

तिसरी गोष्ट कार्ब्युरेटरची. इंजेक्शनवाल्या गाडीत धुराड्याजवळ ऑक्सिजन सेन्सर असतो. पेट्रोल बदललं की तो संगणकाला कळवतो आणि फवारा थोडा वाढतो. कार्ब्युरेटरला ही अक्कल नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण ‘लीन’ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, इंजिन जरा जास्त तापतं आणि सकाळी चोक जास्त लागतो. २०२० च्या आधीच्या बहुतेक दुचाकी अशा आहेत. जेट आणि स्क्रू नीट बसवून देणारा जुना मेकॅनिक गावात असेल, तर त्याला धरून ठेवा.

माझी गाडी ई-२० साठीची आहे हे कसं ओळखायचं?

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग ई-२० ला टिकतील असेच असतात. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो आणि मॅन्युअलमध्ये इंधनाच्या पानावर लिहिलेलं असतं. त्याआधीच्याही काही मॉडेलांचे भाग चालतात, म्हणून चेसी नंबर देऊन कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तरावर राहू नका.

ई-२० वापरलं तर विमा नाकारतात का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ही अफवा जोरात पसरली होती. तिला आधार नसल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानं तेव्हाच जाहीर केलं.

पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी निघतं म्हणतात. इथेनॉलशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळतच नाही, ते तळाशी वेगळं राहतं. इथेनॉलला मात्र पाण्याची ओढ असते. थोडं पाणी आलं तर ते इथेनॉलमध्ये विरघळून जळूनही जातं आणि तुम्हाला कळतही नाही. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं, की ते इथेनॉलला पेट्रोलमधून ओढून स्वतःबरोबर तळाशी नेतं. गाडीचा पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनाला पाणी-अल्कोहोलचं मिश्रण मिळतं आणि गाडी झटके देऊन बंद पडते.

हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. काचेच्या उभट मोजपात्रात ९० मिलिलिटर पेट्रोल घ्या, त्यात १० मिलिलिटर पाणी घाला, तोंड बंद करून हलवा आणि स्थिर ठेवा. पाच मिनिटांत दोन थर होतात. पाणी घातलं होतं दहाच्या रेषेपर्यंत, पण खालचा थर दिसतो पंचविशीच्या आसपास. वाढलेला भाग म्हणजे पाण्यानं खेचून घेतलेलं इथेनॉल. भाच्याला हे दाखवलं तेव्हा तो कितीतरी वेळ त्या रेषेकडे बघत बसला होता. हे उघड्यावरच करा, आसपास विस्तव नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर आणि पाच लिटरचं माप मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागताना संकोच करू नका. मोठ्या पावसानंतर, पंपाच्या आवारात पाणी तुंबलेलं दिसत असेल, तर त्या दिवशी तिथे भरू नका.

इथेनॉल देशातलं, मग पेट्रोल स्वस्त का झालं नाही?

कारण इथेनॉल स्वस्त नाही. हंगाम २०२४-२५ साठी सरकारनं ठरवलेले दर बघा: सी-हेवी मळीचं (साखर पुरती काढून उरलेल्या मळीचं) इथेनॉल लिटरला ५७.९७ रुपये, बी-हेवीचं (थोडी साखर शिल्लक ठेवलेल्या मळीचं) ६०.७३, उसाच्या रसाचं ६५.६१ आणि मक्याचं ७१.८६. वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी खर्च लिटरला ७१ रुपयांच्या वर जातो, असं मंत्रालयानंच २०२५ मध्ये सांगितलं. कर वगळता पेट्रोलपेक्षा तो जास्त पडतो. योजना आखली गेली तेव्हा चित्र उलट होतं. ग्राहकाला लिटरमागे कमी ऊर्जा मिळते आणि दर मात्र तोच, ही तक्रार रास्त आहे. जेवढी ऊर्जा कमी, तेवढी सूट किंमतीत दिसायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

ऊसवाल्या शेतकऱ्याला तरी फायदा झाला का?

झाला, आणि हे मी घरातला हिशोब बघून सांगतो. साखर पडून राहिली की कारखान्याचा पैसा अडकतो आणि बिल थकतं. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवरच थांबला, तर एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारी किमान दर) दर वर्षी चढत २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपये झाली. हा मधला खड्डा इथेनॉलच्या पैशानं बराचसा भरून काढला, कारण तेल कंपन्या साखरेच्या व्यापाऱ्यापेक्षा लवकर पैसे देतात. आमच्याकडे पूर्वी हंगाम संपून पाडवा उलटला तरी बिलाची वाट बघायचो, ती वाट कमी झाली.

पण धोरणाचा भरवसा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, साखर कमी होणार असं दिसलं आणि ऐन गाळपात रसापासून इथेनॉल करायला सरकारनं एका आदेशानं मनाई केली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून नुकत्याच डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या, त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी उठली. अशा धरसोडीत शेवटी भरडला जातो तो सभासद.

पाण्याचं काय? इथेनॉल म्हणजे पाणी जाळणं, असं म्हणतात.

या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते इथेच.

नीती आयोगाच्या त्याच अहवालात आकडा आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी. आता तुमची गाडी धरा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, लिटरला १४ चं ॲव्हरेज, म्हणजे सातशे लिटर पेट्रोल. त्यात वीस टक्के, १४० लिटर इथेनॉल. एक टन उसाच्या रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं, तर तुमच्या टाकीत वर्षाला दोन टन ऊस जातो. आणि पाणी? १४० गुणिले २,८६०, म्हणजे चार लाख लिटर.

चार लाख लिटर म्हणजे किती, ते आम्हा मिरजकरांना डोळ्यांसमोर आणता येतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेच्या स्टेशनातून रेल्वेनं पाणी पाठवलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. सगळा देश ती गाडी बघत होता. एका साध्या मोटारीच्या वर्षभराच्या ई-२० मागे, इथेनॉल सगळं उसाचं धरलं तर, त्या गाडीच्या आठ वाघिणी रिकाम्या होतात.

हे खरं आहे की सगळं इथेनॉल उसाच्या रसाचं नसतं. सी-हेवी मळी तर साखर काढून झाल्यावर उरलेला भाग. ऊस साखरेसाठी पिकलाच आहे, पाणी खर्च झालंच आहे, मग उरलेल्या मळीतून इंधन काढलं तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. त्याचं मी स्वागतच करतो. माझा विरोध आहे तो टाकी भरण्यासाठी ऊस वाढवायला. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात, हे प्रमाण कृषी मूल्य आयोगानंही मांडलेलं आहे. ज्याच्या शिवारात पाट येतो तो मी, आणि ज्याच्या गावात टँकर येतो तो माझा जतचा मावसभाऊ. एकाच जिल्ह्यातले आम्ही दोघं. त्याच्यासमोर बसून मला हे समर्थन करता येत नाही.

आता एकराचा हिशोब मांडतो. एक एकर ऊस, चांगला चाळीस टन धरा. सगळ्याचा रस इथेनॉलला दिला तर २,८०० लिटर. नुसत्या इथेनॉलवर चालणारी गाडी वर्षाला हजार लिटर पिईल, म्हणजे एका एकरावर तीनसुद्धा गाड्या चालत नाहीत. त्याच एकरावर सोलर पॅनेल लावले तर? एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज होते, म्हणजे एकरी तीन लाख युनिट. छोटी इलेक्ट्रिक गाडी दहा हजार किलोमीटरला चौदा-पंधराशे युनिट घेते. वाटेतली गळती धरूनही त्या एका एकरावर दीडशेहून जास्त गाड्या चालतात, आणि पाणी लागतं ते फक्त काचा धुण्यापुरतं. हा हिशोब मी तीनदा करून बघितला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नव्हता.

याचा अर्थ ऊस उपटून पॅनेल लावा असा नाही. बागायत जमीन अन्नासाठीच राहावी. पण पडीक, खडकाळ, पाणी न पोचणारी जमीन जतमध्ये, माणमध्ये, आटपाडीत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अशा जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. ज्या शेतकऱ्याला इंधनातून कधीच काही मिळालं नाही, त्याच्यापर्यंत पोचणारा हा पहिला पैसा आहे.

मग मका किंवा तांदूळ वापरायचा?

मका उसापेक्षा पाणी फार कमी पितो आणि गेल्या दोन-तीन हंगामांत इथेनॉलचा मोठा भार त्यानं उचलला आहे. पण तोच मका कोंबड्यांचं खाद्य आहे. इथेनॉलची मागणी वाढली, तसा मका महागला, पोल्ट्रीवाले अडचणीत आले आणि मका निर्यात करणारा आपला देश आयात करायला लागला. मिरज-सांगली भागात पोल्ट्री असलेल्या कुणालाही विचारा, तो खाद्याच्या पोत्याचा भाव आधी सांगेल.

मोगली एरंडही आठवतो. २००३ नंतर बायोडिझेलसाठी पडीक जमिनीवर जट्रोफा, म्हणजे हाच मोगली एरंड, लावा, पाणी नको, खत नको, असा मोठा प्रचार झाला. झाडं जगली, पण पाण्याशिवाय बिया पुरेशा आल्या नाहीत, खरेदीदार आला नाही, आणि पुढे लोकांनी ती कुंपणाला ठेवली. ज्यांनी कर्ज काढून लागवड केली होती, त्यांची ती फसगत मी विसरलो नाही. म्हणून कुठल्याही ‘चमत्कारी’ इंधन-पिकाबद्दल मी आधी एकरी उतारा आणि खरेदीचा लेखी करार विचारतो.

पाचट, चिपाड, भाताचा पेंढा यांपासून इथेनॉल होतं ना?

होतं, आणि तत्त्वतः हाच सर्वांत न्यायाचा मार्ग आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्रकल्प सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. अडचण अशी की पेंढा हलका, पसरलेला आणि हंगामी असतो. तो गोळा करणं, वाहून आणणं आणि साठवणं यातच खर्च चढतो, आणि त्यातली साखर मोकळी करायला महागडी विकरं (एन्झाइम) लागतात. त्यापेक्षा कारखान्याच्या प्रेसमडपासून (रस गाळल्यावर उरलेल्या गाळापासून) बायोगॅस काढून तो सीएनजीसारखा वापरणं मला जवळचं वाटतं. माल कारखान्याच्या आवारातच असतो आणि उरलेलं खत शेतात जातं.

ब्राझीलमध्ये तर नुसत्या इथेनॉलवर गाड्या चालतात. आपल्याकडे का नाही?

ब्राझीलनं १९७५ मध्ये सुरुवात केली. २००३ पासून तिथे फ्लेक्स-फ्युएल गाड्या आहेत. त्यांत कितीही प्रमाणात पेट्रोल-इथेनॉल भरलं तरी गाडी ओळखून घेते. ऑगस्ट २०२५ पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्येही ३० टक्के इथेनॉल आहे. तिथला माणूस पंपावर उभा राहून एक हिशोब करतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच इथेनॉल भरायचं. आपल्याकडे ग्राहकाला असा पर्यायच नाही, ही माझी मुख्य तक्रार.

आणि मोठा फरक पावसाचा. ब्राझीलचा बहुतेक ऊस पावसावर येतो, आपला पाटावर आणि विहिरीवर. टोयोटानं ऑगस्ट २०२३ मध्ये इनोव्हा हायक्रॉसची फ्लेक्स-फ्युएल गाडी दिल्लीत दाखवली, गाडी उत्तमच असेल. पण तिच्या टाकीत काय ओतायचं, याचं उत्तर आपल्या पाण्यात नाही.

सीएनजी घ्यावी का?

रोज पन्नास-साठ किलोमीटर चालत असाल आणि रस्त्यावर पंप असेल, तर हो. छोटी गाडी किलोला २५ च्या पुढे सहज जाते आणि धूर स्वच्छ असतो. तोटे तीन: डिकी जाते (दोन छोट्या टाक्यांच्या नव्या गाड्यांत कमी जाते), रांगेत वेळ जातो आणि चढावर दम थोडा कमी पडतो. बाहेरून किट बसवणार असाल तर मंजूर किटच घ्या, आरसी बुकावर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घेणं सक्तीचं आहे. ती चुकवू नका. टाकीत दोनशे बारचा दाब असतो.

दुचाकीतही जुलै २०२४ पासून बजाजची सीएनजी मोटारसायकल आली आहे. पण हे विसरू नका की आपल्या देशातला जवळजवळ निम्मा नैसर्गिक वायू आयातच होतो.

इलेक्ट्रिक गाडीची वीज कोळशाचीच. मग फरक काय पडला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा मुद्दा निम्मा बरोबर असतो. आपली बहुतांश वीज अजून कोळशावरच होते.

तरीही मोजून बघू. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेएवढी ऊर्जा असते. तेवढ्यात पेट्रोलची गाडी पंधरा किलोमीटर जाते. इलेक्ट्रिक गाडी तेवढंच अंतर दोन-सव्वादोन युनिटमध्ये कापते. उरलेले सात युनिट पेट्रोलच्या गाडीत कुठे जातात? रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून आणि ब्रेकच्या उष्णतेतून हवेत. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, शिवाय ते शुद्ध करायचा आणि आणायचा वेगळा. आपल्या विजेमागे युनिटला सातशे ग्रॅमच्या आसपास. चार्जिंगमधली आणि तारांमधली गळती धरून त्या पंधरा किलोमीटरला दोन किलोच्या आत-बाहेर. म्हणजे आज फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही, आणि बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण वेगळं फेडावं लागतं. पुढे सौर वीज वाढेल तसा हा फरक दर वर्षी वाढत जाणार. पेट्रोलच्या गाडीला ही सोय नाही. आणि शहराच्या चौकात, शाळेच्या दारात धूर नसणं हा फायदा आजच मिळतो.

मग इलेक्ट्रिकच घेऊ का?

घरी स्वतःची पार्किंगची जागा आणि चार्जिंगचा पॉइंट आहे का, हे पहिलं बघा. असेल आणि रोजचं फिरणं ठरलेलं असेल, तर निःशंक घ्या. छतावर सोलर असेल तर आणखीच चांगलं. महाराष्ट्रात २०२५ च्या धोरणानुसार अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी ठरली आहे. नवीन गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे.

चाळीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये किंवा सोसायटी परवानगी देत नसेल तिथे राहत असाल, तर फक्त बाहेरच्या चार्जरच्या भरवशावर घेऊ नका. माझ्या पुतणीनं पुण्यात घेतली, सोसायटीशी आठ महिने पत्रव्यवहार केला, तेव्हा कुठे मीटर मिळालं.

हायड्रोजनचं काय झालं?

२०२२ मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनच्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले, तेव्हा खूप चर्चा झाली. गाडी चालते, त्यात शंका नाही. पण पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासहून जास्त युनिट वीज लागते आणि त्यावर मोटार शंभरेक किलोमीटर जाते. तीच वीज बॅटरीत भरली तर तीनशेच्या वर जाते. खतं, पोलाद आणि कदाचित लांब पल्ल्याचे ट्रक, ही हायड्रोजनची जागा आहे. घरच्या गाडीसाठी त्याची वाट बघत बसू नका.

पेट्रोलच्या गाड्या कधी बंद होणार?

भारतात तशी कोणतीही कायदेशीर तारीख ठरलेली नाही. नॉर्वेत २०२४ मध्ये दहातल्या जवळजवळ नऊ नव्या गाड्या इलेक्ट्रिक होत्या, चीनमध्ये निम्म्याच्या आसपास प्लगवाल्या (पूर्ण इलेक्ट्रिक किंवा प्लग लावून चार्ज होणाऱ्या हायब्रिड). आपल्याकडे त्या वर्षी शंभरात तीनसुद्धा नव्हत्या. युरोपनं २०३५ ची मुदत घातली होती, पण डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या आयोगानंच ती सैल करायचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. ही बंदीची तयारी दिसत नाही. आज घेतलेली पेट्रोल गाडी तिच्या पंधरा वर्षांच्या नोंदणीभर चालेल असं मी धरून चालतो, दिल्लीसारख्या शहराचे वेगळे नियम सोडून. बदलेल ते तिच्या टाकीतलं इंधन आणि विकताना मिळणारी किंमत.

माझी गाडी गावी उभी असते, मी नोकरीला दुबईत. ई-२० मुळे काही वेगळं करायचं का?

हो, आणि हा प्रश्न आमच्या भागातून परदेशी गेलेल्या पुष्कळांचा आहे. गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर जाण्याआधी टाकी काठोकाठ भरा. अर्ध्या टाकीतली दमट हवा रात्री थंड होते आणि तिच्यातलं पाणी पेट्रोलमध्ये उतरतं. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर बदला. पंधरा दिवसांतून एकदा घरातल्या कुणाला तरी गाडी वीस मिनिटं रस्त्यावर फिरवायला सांगा, नुसती अंगणात सुरू करून बंद करायला नको. आणि सहा महिन्यांचं जुनं पेट्रोल असेल, तर परत आल्यावर लगेच घाटात जाऊ नका; ताजं पेट्रोल भरा, गावात दोन दिवस चालवा आणि फिल्टर बदलून मगच निघा.